मुंडी कुणाच्या ठिय्यावर

मला लिहायचं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, त्यातलंही निम्मं क्षिप्रेवर पोहण्यात गेलं. पण आमच्या माधवनगरच्या मराठी मंडळाचे कार्यवाह वसंतराव घरी आले, पाय वर घेऊन दिवाणावर बसले, चहा प्यायले आणि म्हणाले, "दत्तू, दिवाळी अंकाला तुझे वर्कशॉपचे किस्से दे. लोकांना हसव. फक्त कुणाला टोचेल असं काही लिहू नको."

मी म्हणालो, "जन्म लोखंडात गेलाय, कापसात नाही. टोचणारच."

"मग जरा कानस मारून दे," म्हणाले, आणि माझ्या सुनेकडे अजून चहा मागितला.

आता किस्से काय, लोखंड आवळून धरणाऱ्या व्हाइसखाली कीस साठतो तसे साठतात. संध्याकाळी झाडून घ्या, सकाळी वापस तेवढाच. खिशात सापडतो, चपलेत सापडतो, एकदा माझ्या डब्यातल्या पोह्यांत सापडला. काम सोडून जमाना झाला, तरी बायको चादर झटकताना म्हणते, "बघा, अजून काहीतरी चमकतंय."

तर झाडूनच टाकतो.

आमचं वर्कशॉप उज्जैनच्या देवास गेटला, बसस्टँडच्या मागं. मालक भेरूलाल उस्ताद, पक्के माळव्याचे. इंग्रज गेला, पाठोपाठ ग्वाल्हेरचं संस्थान गेलं, त्या सुमारास मी तिथं लागलो. पंप, पिठाच्या चक्क्या, गिरणीतला तुटका माल, जे येईल ते दुरुस्त करायचं. त्यात माझं मुख्य काम आटे पाडणं. लोखंडाला नुसतं भोक पाडून स्क्रू बसत नाही, भोकात आतून आटे लागतात. ते पाडायला टॅप नावाचं पोलादाचं दातेरी हत्यार असतं. त्याला दोन हातांचं हँडल लावायचं, भोकात सरळ धरायचं, आणि अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. पुन्हा अर्धा पुढं, पाव मागं. मागं कशाला, तर आत कातलेला कीस मोडून पडावा म्हणून. जल्दी केली, की कीस अडकतो आणि टॅप तुटतो. अर्धा आत, अर्धा हातात. आतला अर्धा काही केल्या निघत नाही. ड्रिल लावलं तर ड्रिल बोथट होतं.

हातात राहणाऱ्या तुकड्याला आम्ही मुंडी म्हणायचो. ज्यानं टॅप तोडला त्याच्या ठिय्यावर, म्हणजे कामाच्या जागेवर, ती मुंडी ठेवायची, लाल दोरा बांधून. पुढचा कुणी तोडेपर्यंत तिथंच राहणार. गिऱ्हाईक बघणार, चहावाला बघणार, सासरा आला तर सासराही बघणार. तक्रार चालत नसे. उस्तादांचा नियम एका ओळीचा होता: "जिसका काम, उसकी मुंडी."

आणि उस्तादांकडे एक सागवानी पेटी होती. तिच्यात विलायती टॅपचा सेट, लढाईच्या आधीचा, एकेक नग मखमलीत झोपलेला. दसऱ्याला पूजेत मांडत, तेवढंच आमच्या नजरेला पडे. उस्तादांनी सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं, "मैं गाँव लौटूँगा, तब ये पेटी उसकी, जिसके ठिये पे कभी मुंडी नहीं आई." दिलेली चीज आणि बोललेला शब्द उस्ताद वापस घेत नसत.

पुढं पुढं असे दोघंच उरलो. एक मी, आणि दुसरा घीवाला. घीवाला हे त्याचं वर्कशॉपातलं नाव. खरं नाव मी शेवटी सांगणार आहे, आत्तापासून कशाला कुणाला घाम फोडा. मला ती पेटी पाहिजे होती. दुसरं मागण्यासारखं त्या वर्कशॉपात काही नव्हतंच. दगा देणारं हत्यार नको, चांगलं हत्यार हवं, आणि हात साफ होते हे चार लोकांना दिसायला हवं.

*

उस्तादांचा दुसरा नियम: हँडलवर हात असताना बोलायचं नाही. कान भोकात पाहिजेत. टॅप कुरकुरतोय तोवर ठीक. किंचाळला, तर थांबा. एकदम गप्प झाला, तर समजा, गेला.

एकदा उस्ताद स्वतः पंपाच्या कामाला लागले होते, टॅप अर्ध्यावर होता. तेवढ्यात त्यांचा धाकटा भाऊ पळत आला.

"दादा, घर चलो, भाभी को..."

उस्तादांनी अर्धा फेरा पुढं घेतला.

"दादा, सुनो तो. हो गया."

पाव फेरा मागं.

भाऊ रडकुंडीला. आम्ही सगळे काम टाकून उभे. उस्तादांनी भोक तळापर्यंत नेलं, टॅप उलटा फिरवत बाहेर काढला, फडक्यानं पुसला, काटकोन बघायचा गुण्या घेऊन टॅप ताठ आहे ना ते बघितलं. मग भावाकडे वळले.

"हाँ, अब बोल. क्या हुआ?"

"लड़का हुआ, दादा."

गुण्या अजून हातातच होता. उस्ताद म्हणाले, "सीधा है ना?"

*

हाच नियम माझ्या लग्नाच्या मुळावर आला होता.

माझे होणारे सासरे रेल्वेत, रतलामला. मुलगा न सांगता बघावा, म्हणजे खरा दिसतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. आले ते थेट वर्कशॉपात. नेमका माझा टॅप आत.

"आपणच दत्तात्रय का?"

अर्धा फेरा पुढं.

"घरी कोण कोण असतं?"

पाव मागं.

"पुढं शिकायचा काही विचार?"

पुन्हा अर्धा पुढं. मी मान सुद्धा हलवली नाही, मान हलली की हँडल हलतं. सासरे काळजीत पडले. उस्तादांजवळ जाऊन हळूच म्हणाले, "लड़के को सुनाई तो देता है ना?"

उस्ताद म्हणाले, "सब सुनता है, साहब. अभी चुप है तो पसंद कर लो. बोलेगा, तब पछताओगे."

सासऱ्यांना वाटलं, थट्टा आहे. घरी चार बोलक्या मुली होत्या, त्यांना शांत जावई पाहिजेच होता. लग्न ठरलं. बायको अजून म्हणते, "बाबांना अगदी खरं सांगितलं होतं हो त्या माणसानं, बाबांनीच ऐकलं नाही."

*

मध्ये एक पहिलवान आमच्याकडे लागला होता. अखाड्यातला गडी, दंड माझ्या मांडीएवढा. उस्तादांनी त्याला समजावलं, अर्धा पुढं, पाव मागं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पूर्ण पुढं नेलं. मग अजून पूर्ण पुढं. टॅप असा तुटला की समोरच्या हलवायानं वळून बघितलं.

पहिलवान म्हणाला, "कच्चा था."

उस्तादांनी नियमाप्रमाणं मुंडीला लाल दोरा बांधून त्याच्या ठिय्यावर ठेवली. आम्ही वाट बघत बसलो की आता हा लाजेल. दुपारी बघतो तर मुंडी ठिय्यावर नाही. पहिलवानाच्या गळ्यात. लाल दोरा बघून त्याला वाटलं, बक्षीस मिळालं.

संध्याकाळी अखाड्यात त्यानं सांगितलं, विलायती पोलाद हातानं मोडलं म्हणून उस्तादांनी ताईत दिला. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारात कोवळी मिसरुडं गोळा व्हायला लागली. एकानं वाकून पहिलवानाच्या पायाला हात लावला. एकजण मला म्हणाला, "आपके पास एक भी नहीं है क्या?"

मी उस्तादांना म्हणालो, "सांगा ना त्याला."

उस्ताद म्हणाले, "तू बता. मैंने उसके बाजू देखे हैं."

*

आता पाटीचा किस्सा. शहरात एक सरकारी कचेरी होती, कुठली ते विचारू नका. तिच्या फाटकाशी विटांचा बुटका खांब, खांबात बिडाची चौकट, आणि चौकटीला चार स्क्रूंनी आवळलेली पाटी. बीड म्हणजे ओतीव लोखंड. संस्थान गेलं, मध्यभारत नावाचं नवं राज्य आलं, म्हणजे पाटी बदलायची.

जुने स्क्रू गंजून आट्यांसकट निघून आले. मग भोकं मोठी करून नवे आटे पाडायचे. दोन सुताची भोकं होती, अडीच सुताची केली; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. उस्तादांनी चौकटीकडे बघून म्हटलं, "राज बड़ा हुआ, छेद भी बड़ा हुआ."

कचेरीतला बाबू मात्र बेचैन. म्हणाला, "स्क्रू एवढे घट्ट नको. पाटी पटकन काढता आली पाहिजे."

"का बुवा?"

"राजधानी उन्हाळ्यात इंदूरला असते, हिवाळ्यात ग्वाल्हेरला. सगळं वारंवार हलवावं लागतं."

मी म्हणालो, "पण ही कचेरी उज्जैनची ना? ही कुठं हलते?"

बाबू इकडं तिकडं बघून हळू म्हणाला, "अजून तसा हुकूम आला नाही."

*

घीवाल्याला घीवाला का म्हणायचे, ते ऐका.

पोलादात आटे पाडताना टॅपला वंगण लावावं लागतं. उस्ताद बकऱ्याची चरबी लावत, तिचा एक डबा मधोमध ठेवलेला असे. बिडाला मात्र काहीच लावायचं नाही. बिडाचा कीस पिठासारखा. त्यात तेल-चरबी गेली की चिखल होतो आणि चिखल टॅपला धरून बसतो. हे उस्ताद पहिल्याच दिवशी सांगत, आणि आम्ही सगळे ऐकत असू.

घीवाला कर्मठ घरातला. घरी सोवळं. चरबीच्या डब्यावरून नुसतं वारं आलं तरी नाक मुरडायचा. उस्ताद म्हणाले, "तो अपना इंतजाम कर ले." यानं इंतजाम केला. घरून वाटीत साजूक तूप आणायला लागला. आणि एकदा तुपाची सवय झाली, मग पोलाद काय, पितळ काय, बीड काय, सगळ्याला तूप. मी कितीदा टोकलं. म्हणायचा, "तुपानं कधी कुणाचं बिघडलंय का?"

गेटवरच्या एका तांबड्या कुत्र्याला हे पहिल्यांदा कळलं. कामं तयार होऊन दारात मांडली की हा यायचा, प्रत्येक भोकाशी नाक न्यायचा. माझ्या कामाचं नुसतं नाक लावून पुढं. घीवाल्याचं काम आलं की बसकण मारून चाटून साफ. गिरणीचा तपासनीस माल असाच नाक लावून बघायचा, म्हणून कुत्र्याचं नाव पडलं इन्स्पेक्टर. उस्ताद ओरडून विचारायचे, "कईं रे, इन्स्पेक्टर ने पास किया क्या?" घीवाल्याचं रोज पास. मी जन्मभर नापास.

एके दिवशी घीवाल्याची आई वर्कशॉपात आली. डोक्यावरून पदर, चेहरा चिंतेचा. उस्तादांना म्हणाली, "भैया, मैं इसको रोज कटोरी भर घी देती हूँ. बोलता है दोपहर को दाल में डालके खाता हूँ. फिर भी देखो, कैसा सूखा है. घी इसको लगता क्यों नहीं?"

घीवाला माझ्या पाठीमागं लपला.

उस्तादांनी हात जोडले. "लगता है, माँजी. इसको नहीं, लोहे को लगता है."

*

आता शेवटचा, आणि याच्यासाठीच मी हे सगळं झाडायला बसलो.

मध्यभारत पण गेला. मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळ. म्हणजे तीच कचेरी, तोच बुटका खांब, तीच चौकट, आणि पुन्हा नवी पाटी. अडीच सुताची भोकं आता तीन सुताची. उस्ताद थकले होते. म्हणाले, "ये आखरी काम. पाटी लगी, कि मैं गाँव चला." म्हणजे पेटीचा निकाल आला. काम त्यांनी माझ्या नावावर दिलं, मदतीला घीवाला दिला.

मी भोकं मोठी केली. तीन भोकांत आटे पाडले, कोरडे, वेळ घेऊन. चौथं उरलं, खालच्या कोपऱ्यातलं, जेमतेम गुडघ्याच्या उंचीवर. तेवढ्यात बाबू आला, पाटी ताबडतोब आणा, साहेबांना बघायची आहे. मी टॅप पुसून फडक्यावर ठेवला, घीवाल्याला म्हणालो, "हात लावू नको, मी येऊन करतो." आणि टांगा करून वर्कशॉपात गेलो.

पाटी घेऊन वापस आलो, तर चौथ्या भोकात तुटका टॅप, पार आत. फडक्यावर हँडल, आणि हँडलमध्ये मुंडी. घीवाला लिंबाखाली चणे खात बसलेला.

"हे काय?"

"काय म्हणजे? तू तोडून गेलास, तसंच आहे."

"मी?"

"मग कोण? मला वाटलं, दुसरा टॅप आणायलाच पळालास."

असं बोलला, आणि मला चणे पुढं केले.

वर्कशॉपात उस्तादांनी दोघांना समोर उभं केलं. मी सांगितलं, मी चौथ्या भोकाला टॅप लावलाच नव्हता. घीवाल्यानं सांगितलं, मी लांब लिंबाखाली होतो. मी चौकीदाराला विचारा म्हणालो. चौकीदार जेवायला गेलेला.

उस्ताद मला म्हणाले, "काम किसके नाम का था?"

"माझ्या."

"तो?"

त्यांनी स्वतः लाल दोरा बांधला आणि मुंडी माझ्या ठिय्यावर ठेवली. मला वाटतं, बांधताना त्यांची गाठ दोनदा सुटली. त्याच संध्याकाळी नारळ फोडून पेटी घीवाल्याच्या हातात दिली. घीवाल्यानं वाकून नमस्कार केला. पहिलवानानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "दिल छोटा मत करो, ताबीज तो मिला." त्याच्याकडे बघून मला रागही धरता येईना.

दुसऱ्या दिवशी पाटीचं उद्घाटन. तीन स्क्रूवर पाटी उभी केली होती, चौथ्या कोपऱ्यावर झेंडूची माळ सोडली होती, म्हणजे बिनस्क्रूचं भोक दिसू नये. साहेब आले, बाबू आले, पेढे आले. उस्ताद नव्या टोपीत. घीवाला पुढच्या रांगेत, पेटी काखेत. मी मागं. आणि आमच्या पाठोपाठ देवास गेटपासून चालत इन्स्पेक्टर आलेला.

साहेबांनी पडदा ओढला. टाळ्या झाल्या. साहेब भाषणाला घसा साफ करत होते तेवढ्यात इन्स्पेक्टर माणसांच्या पायांतून पुढं गेला. वरच्या भोकांकडे बघितलं पण नाही. खालच्या कोपऱ्याशी आला, नाकानं झेंडूची माळ बाजूला सारली, बसकण मारली, आणि ते भोक चाटायला लागला. डोळे मिटून, शेपूट हलवत, सावकाश.

कुणी हसेना, कारण साहेब हसत नव्हते. बाबूनं हाड् हाड् केलं. इन्स्पेक्टर हलला नाही.

साहेबांनी विचारलं, "ये कुत्ता क्या कर रहा है?"

उस्तादांनी कुत्र्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान वळवून घीवाल्याकडे बघितलं. घीवाला आभाळात पतंग शोधत होता, दिवस पतंगांचे नव्हते.

"इन्स्पेक्टर है, साहब," उस्ताद म्हणाले. "काम पास कर रहा है."

त्याच आठवड्यात उस्ताद गावाला गेले. जाताना माझ्या ठिय्यापाशी थांबले, माझा हात हातात घेतला, उलटा सुलटा करून बघितला आणि सोडला. वर्कशॉप बंद झालं, म्हणजे त्यानंतर टॅप तोडणारा कुणी उरला नाही, आणि मुंडी माझ्याकडेच राहिली. आत्ता हे कागद पंख्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर तीच ठेवली आहे.

लिहून झालं. कागद मंडळात पाठवतोय, मुंडीही सोबत पुडीत बांधून पाठवतोय. दोरा नवा घातलाय, लालच. उस्ताद गेले, कुत्रा गेला, पहिलवान गेला. माफी मागायला एकच माणूस शिल्लक आहे, आणि त्यानं ती अजून मागितलेली नाही. पुडीवर त्याचं नाव घातलंय, म्हणजे ती दुसऱ्या कुणाच्या ठिय्यावर जायला नको.

कार्यवाह, वसंतराव.